पट्टीखालचं वऱ्हाड

ग्लू स्टिकचं टोपण नीट बसवलं नाही, तर आतली कांडी दोन दिवसांत वाळून खडूसारखी होते.

*

१८५३ साली हैदराबादच्या निझामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. विकलं नाही, बक्षीस दिलं नाही. सांभाळायला दिलं. ते परत कधी मिळालं नाही.

*

शॉमबर्गच्या गॉल्फ रोडवर एक बसथांबा आहे. तीन बाजूंना काच. चौथी बाजू उघडी, आणि वारा नेमका तिकडूनच येतो.

*

ग्रुपचा आवाज बंद करा : आठ तास, एक आठवडा, कायम. अहिल्यानं ‘कायम’वर बोट ठेवलं होतं.

*

एक राखाडी लोकरी टोपी, बाकावर, घडी घालून ठेवलेली.

*

‘बाबा, आपण कोणत्या राज्यात आहोत?’

*

हा शेवटचा प्रश्न आधी समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

राजाराम विठोबा काळमेघ, वय एक्क्याऐंशी, अचलपूरच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलीनं, अहिल्यानं, त्यांना तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गला आणलं. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला नाव दिलं. नाव मिळाल्यानं आजार काही कमी झाला नाही, पण अहिल्याला निदान इंटरनेटवर शोधायला एक शब्द मिळाला.

आजार असा, की गुरुजी रोज वेगळ्या सालात उठायचे. कधी नोकरीत, कधी कॉलेजात, कधी आईच्या मागे मागे. ते कोणत्या सालात आहेत हे कळलं नाही तर घरात अनर्थ व्हायचा. नोकरीतल्या गुरुजींना आंघोळ घालायला गेलं की ते अपमानानं लालबुंद व्हायचे. पाच वर्षांच्या राजारामला आंघोळ घातली नाही तर तो बाथरूमच्या दारात रडत उभा राहायचा.

उपाय अपघातानं सापडला. एके संध्याकाळी ते म्हणाले, अर्ज राजधानीला पाठवायला हवा, नागपूरला. अहिल्या थबकली. नागपूर राजधानी? मग तिला शाळेत बाबांनीच शिकवलेलं आठवलं. वऱ्हाड कुठंही हललं नाही. हलली ती नावं. बाबा जन्मले तेव्हा ते ‘सी. पी. अँड बेरार’मध्ये, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, होतं. ते साडेपाच वर्षांचे असताना त्याच भुईला मध्य प्रदेश म्हणू लागले आणि राजधानी नागपूरच राहिली. बाराव्या वर्षी मुंबई राज्य. सोळावं पुरं व्हायच्या आत महाराष्ट्र. माणूस एका गावात राहिला आणि चार राज्यांत वाढला.

अहिल्या एका विमा कंपनीत डेटा अॅनालिस्ट. ती असल्या गोष्टी सोडते थोडीच? तिनं तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. बेरार म्हणाले : एकटं ठेवायचं नाही, जिना उतरताना हात धरायचा. मध्य प्रदेश म्हणाले : गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, गोष्टी सांगितल्या की खूश. मुंबई राज्य : चिडचिड, वाद घालायचा नाही. महाराष्ट्र : ठीक. दोन तास एकटे राहू शकतात.

तक्त्यात इलिनॉय नव्हतं. तशी गरज पडली नव्हती.

रोज सकाळी आठच्या सुमाराला, चहाचा कप पुढं करताना, अहिल्या तो प्रश्न विचारायची. आणि उत्तरावर दिवस ठरायचा.

*

नोव्हेंबरातला मंगळवार. मंगळवारी तिला ऑफिसात हजर राहावंच लागे. नवरा, परीक्षित, नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला प्रोजेक्टवर. एकाआड एक शुक्रवारी घरी. मुलगी अनिका दहावीत, सव्वासातलाच शाळेची बस पकडणारी. म्हणून अकरा ते चार बाबांपाशी बसायला सुलभाकाकू यायच्या. काकू पलीकडच्या गल्लीतल्या, मुलाकडे राहणाऱ्या, मूळच्या वाईच्या, आणि बाबांशी पत्ते खेळताना उघड उघड लबाडी करणाऱ्या.

नऊ ते अकरा हे दोन तास उरायचे. ते दोन तास प्रश्नाच्या उत्तरावर सोपवलेले होते.

त्या मंगळवारी अहिल्या पावणेनऊला गाडी काढून गेली.

अकरा वाजून चार मिनिटांनी काकूंचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं, की आज गुरुजींना डॉक्टरकडे नेलंयस का गं. मग म्हणाल्या, दार नुसतं ओढलेलं आहे. आणि आत कुणी नाही.

*

जुन्या बखरीत ‘वऱ्हाडप्रांत’ असं लिहिलेलं असे, मोगली दफ्तरात ‘सुभा बेरार’. इंग्रजांनी मधली पन्नास वर्षं त्याला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हटलं, म्हणजे ‘हैदराबादनं आमच्याकडे सोपवलेले जिल्हे’. गुरुजी वर्गात सांगत : पोरांनो, ज्या मुलखाच्या नावात फक्त तो कुणी कुणाच्या स्वाधीन केला एवढंच लिहिलेलं असतं, त्या मुलखाला रात्री झोप कशी लागत असेल?

पोरं हसत. गुरुजी हसत नसत.

*

पोलिस अर्ध्या तासात आले, तोवर अहिल्याही ऑफिसातून घरी पोचली होती. दोघं होते, एक तरुण, एक पोक्त. पोक्त अधिकाऱ्यानं सोफ्याच्या कडेला बसून सगळं लिहून घेतलं. उंची, वजन, अंगातलं जाकीट. जाकीट निळं. डोक्याला राखाडी टोपी. गळ्यात दोरीला लटकवलेलं प्लास्टिकचं पाकीट, त्यात ओळखीचं कार्ड : नाव, आजाराचा उल्लेख, अहिल्याचा फोन नंबर, घरचा पत्ता. हे ऐकून अधिकाऱ्याचा चेहरा सैल झाला. त्यानं समजावलं, कार्ड आहे म्हणजे कुणी ना कुणी फोन करील, बहुतेक वेळा तासाभरात येतोच.

मग त्यानं विचारलं, की ते भरकटले असं तुम्हाला वाटतं, की निघून गेले? कारण दोन्हींचा शोध वेगळा घेतात. भरकटलेला माणूस घराजवळ सापडतो, वळणा-वळणानं जातो, तळ्याकडे जातो. निघालेला माणूस सरळ रेषेत लांब जातो.

‘भरकटले,’ अहिल्या म्हणाली.

सकाळी ते गोंधळलेले होते का?

‘थोडे.’

अधिकाऱ्यानं लिहिलं. पोलिस वसाहतीतल्या तळ्यांकडे गेले. शॉमबर्गच्या प्रत्येक वसाहतीत पावसाचं पाणी साठवायला एक तळं खणलेलं असतं, वर बदकं, कडेला सूचना. अशी चार तळी होती. चारही पाहायला साडेतीन तास लागले.

*

काकूंनी त्या दुपारी एक गोष्ट तीनदा सुचवली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाक. दोनशे मराठी घरं आहेत आसपास, कुणी ना कुणी गाडीतून जाता-येता पाहिलं असेल.

तिन्ही वेळा अहिल्या नाही म्हणाली.

कारण तिला माहीत होतं काय होईल. सगळे धावून येतील, आणि धावून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर तो एक प्रश्न असेल : एकटे होते? ‘अगं, पण एकटं कसं ठेवलंस?’ मागच्या वर्षी मंडळातल्या एका बाईच्या सासूबाई जिन्यावरून पडल्या, तेव्हा गणपतीच्या मांडवात आरतीपेक्षा जास्त वेळ त्याच विषयाला मिळाला होता. अहिल्याही त्या घोळक्यात उभी होती. तिनंही मान हलवली होती. त्यानंतर, आणि पॉटलकला कोण काय करून आणणार याच्या रोजच्या पन्नास मेसेजांना कंटाळून, तिनं ग्रुपचा आवाज कायमचा बंद केला.

‘काकू, फोन येईल,’ ती म्हणाली. ‘नंबर गळ्यात आहे त्यांच्या.’

आणि फोन टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवला, म्हणजे पडदा उजळला की दिसावा. पडदा उजळला नाही. बारा वाजले, एक वाजला. परीक्षितनं विमान पकडलं. बाहेर तापमान चौतीस, म्हणजे आपल्या मोजणीत एक अंश. मग ती गाडी घेऊन निघाली आणि वसाहतीच्या गल्ल्यांतून इतक्या सावकाश फिरली, की एका घरातल्या माणसानं बाहेर येऊन तिलाच विचारलं, काय हवंय.

*

१ नोव्हेंबर १९५६. अचलपूर. राजाराम सातवीत.

हेडमास्तरांनी मुलांना खळ करायला बसवलं. कणीक पाण्यात शिजवून केलेली चिकट खळ, लोखंडी घमेल्यात. आदल्या दिवसापर्यंत शाळेच्या प्रत्येक रजिस्टरवर, दाखल्यावर, भिंतीवरच्या नकाशावर ‘मध्य प्रदेश’ होतं. आता ‘मुंबई राज्य’. नवे कागद छापून यायला वर्ष लागलं असतं. म्हणून ज्यांची अक्षरं वळणदार, त्या मुलांनी पट्ट्यांवर नवं नाव लिहायचं, बाकीच्यांनी कापायच्या, आणि राजारामनं चिकटवायच्या. त्याचा हात हलका होता. मधोमध बोट ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना दाबत जायचं, म्हणजे हवा राहत नाही, सुरकुती पडत नाही.

साडेतीन वर्षांनी पुन्हा घमेलं, पुन्हा खळ. या वेळी ‘महाराष्ट्र’.

पुढं तो त्याच शाळेत मास्तर झाला, तरी तो नकाशा भिंतीवर होता. गुरुजी मुलांना डोळे मिटून नकाशावरून हात फिरवायला लावत. सगळा देश सपाट. एका ठिकाणी बोटाला उंचवटा लागे. ते आपण.

*

तीन वाजून दहा मिनिटांनी अनिका शाळेतून आली. शाळेत तिला काही कळवलं नव्हतं. दारात काकू, आत पोलिसाचं कार्ड, आजोबांची खुर्ची रिकामी. अहिल्या नुकतीच परतली होती. अनिका आईच्या मागोमाग पुन्हा गाडीत बसली आणि दोघी निघाल्या, या वेळी मोठ्या रस्त्यांनी.

अर्धा तास फिरल्यावर अनिकानं विचारलं, ‘व्हॉट डिड ही से धिस मॉर्निंग? विच वन?’

‘महाराष्ट्र,’ अहिल्या म्हणाली.

पोरीनं बॅग मांडीवर घेतली, तिच्या पट्ट्याशी खेळत राहिली, आणि अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असं सांगत सुटली. तीनेक आठवड्यांपूर्वी आबांनी तिच्याकडे कात्री मागितली. आणि गोंद मागितला. तिनं ग्लू स्टिक दिली. आबांनी गळ्यातलं कार्ड काढलं, म्हणाले, यावरचं नाव जुनं झालंय, बदलून आलंय. तिला वाटलं, काहीतरी क्राफ्ट चाललंय. तिनंच कागदाची पट्टी कापून दिली. त्यांनी तिच्यावर मराठीत लिहिलं, चिकटवली, आणि तिला शिकवलं, की बोट मधोमध ठेवायचं आणि बाहेर दाबत जायचं.

‘कशावर चिकटवली?’

‘ऑन द कार्ड.’

‘कार्डावर कुठं, अनिका?’

‘ऑल ऑफ इट, मॉम. इट वॉज अ बिग पट्टी.’ मग एकदम रडवेली होत, मराठीत : ‘ते खूप हॅपी होते गं. मी टोपण नीट नाही लावलं तर रागावले पण.’

अहिल्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली. तीन आठवडे. तीन आठवडे रोज सकाळी ती दोरी तिनं स्वतः त्यांच्या गळ्यात घातली होती. पाकीट पालथं लटकत असे. तिनं एकदाही सुलटं करून पाहिलं नव्हतं. कार्ड आपणच केलंय, त्यात काय पाहायचं?

साडेतीन तास तळी शोधणाऱ्या पोलिसांना तिनं सांगितलं होतं, की नंबर त्यांच्या गळ्यात आहे.

*

आता दुसऱ्या बाजूनं. हे तिला नंतर कळलं, पण घडलं त्याच दुपारी.

गॉल्फ रोडच्या बसथांब्यावर एक बाई बसची वाट पाहत होती. हॉटेलात खोल्या आवरण्याचं काम करणारी, तीनच्या पाळीला निघालेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला निळ्या जाकिटातला म्हातारा बसला होता. ताठ, गुडघ्यांवर हात. तिनं त्याच्याशी बोलून पाहिलं. त्यानं नमस्कार केला. त्याचे ओठ जांभळे दिसले म्हणून तिनं आपल्या थर्मासातली कॉफी त्याला दिली, त्यानं दोन्ही हातांनी घेतली. गळ्यातलं कार्ड तिनं उलटवून पाहिलं. सुंदर, वळणदार अक्षरं होती. तिला एकही वाचता आलं नाही.

पोलिसांना फोन करावा असं तिला वाटलं, आणि करू नये असंही वाटलं. हल्ली तिच्यासारखी, परदेशातून आलेली, कागदपत्रं नसलेली माणसं स्वतःहून पोलिसांना फोन करत नाहीत. तिनं कार्डाचा फोटो काढला आणि आसपासच्या वसाहतींच्या इंग्रजी ग्रुपवर टाकला, एक वाजून चाळीस मिनिटांनी : गॉल्फ रोड, फर्निचरच्या दुकानासमोरचा बसथांबा, एक म्हातारे गृहस्थ, थंडीनं काकडताहेत, ही कोणती लिपी आहे, कुणाला ओळखता येईल का. मग बस आली. पुढची बस पाऊण तासानं. ती बराच वेळ दारात पाय ठेवून उभी राहिली, असं ती नंतर म्हणाली. ड्रायव्हर ओरडला तेव्हा चढली.

तो फोटो मंडळातल्या हिमानीनं पाहिला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, टेबलाखाली. दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं तो मंडळाच्या ग्रुपवर सरकवला. नुसता फोटो. मजकूर मागेच राहिला.

*

अहिल्यानं रस्त्याकडेच्या गाडीत मंडळाचा ग्रुप उघडला तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. लोक काय म्हणतील ते म्हणोत, इथवर ती पोचली होती. ‘माझे वडील हरवले आहेत’ एवढं लिहायचं होतं. तिनं ‘माझे’ लिहिलं आणि वरचा फोटो दिसला.

‘राजाराम विठोबा काळमेघ. मु. पो. अचलपूर. वऱ्हाड.’

बाबांचं अक्षर. पट्टीवर एक सुरकुती नाही. आणि फोटोखाली, जवळजवळ दोन तासांचे एकसष्ट मेसेज.

हिमानी : हे कुणाचं आहे? वाचता येतंय का?

सत्यजित : वाचता न यायला काय झालं, शुद्ध मराठी आहे. अक्षर बघा राव. आमच्या पोरांना दाखवतो.

आश्लेषा : अचलपूर कुठं आलं?

रवींद्र : अमरावती जिल्हा. पुण्याच्या पुढंही वस्ती आहे, सत्या, सांग घरात सगळ्यांना.

सत्यजित : ऐकून आहे. पण महाराष्ट्र का नाही लिहिलं त्यानं?

रवींद्र : कारण तो शहाणा आहे.

निमिष : झालं. वेगळा विदर्भ शॉमबर्गला पोचला. व्हिसा कुठला म्हणे?

आश्लेषा : वऱ्हाड म्हणजे लग्नाचं ना? कुणाचं लग्न आहे?

रवींद्र : अरे, वऱ्हाड मोठा सुभा होता. तुमच्या पेशवाईच्या आधीपासून. स्वतःची सल्तनत, अचलपूर राजधानी.

सत्यजित : मग निझामाला का देऊन बसलात?

रवींद्र : भोसल्यांचं होतं.

सत्यजित : कागदोपत्री निझामाचंच. त्याच्या पोराला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत, गूगल कर.

निमिष : ज्याला म्हणत तो कधी तिथं राहिला का पण?

मग यावर बावीस मेसेज. करारांची सालं, एक नकाशा, दुसरा नकाशा, कुणीतरी टाकलेला खळखळून हसणारा चेहरा. मध्येच पॉटलकच्या पुरणपोळ्यांची यादी. मग एका काकूंचं : ‘विषय सोडून बोलू नये ही विनंती.’ मग रवींद्रनं तिथल्या कापसावर आणि रस्त्यांवर लिहिलेला लांबलचक परिच्छेद. मग सत्यजितचं : ‘सॉरी यार, मनावर घेऊ नकोस. शनिवारी चहाला ये.’

कुणाच्याही मनात पाप नव्हतं. फोटोत कार्ड होतं, माणूस नव्हता.

अहिल्यानं ‘माझे’च्या पुढं लिहिलं : ‘बाबा आहेत हे. कुठं आहेत?’

ग्रुप थांबला. भर वर्गात मास्तर यावेत तसा. मग एकदम सहा जणांचे फोन येऊ लागले आणि कुणाचाच लागेना, कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या फोनवर आपटत होता. अखेर हिमानीचा लागला. तिनं मूळ मजकूर वाचून दाखवला.

गॉल्फ रोड. घरापासून साडेतीन मैल, सरळ रेषेत. अहिल्या अर्ध्या तासापूर्वी त्या चौकातून उजवीकडे वळली होती. डावीकडे वळली असती तर थांबा दिसला असता.

*

नोव्हेंबरात शिकागोकडे सूर्य साडेचारच्या आतच बुडतो. त्या थांब्यावर पोचायला दोघींना चौदा मिनिटं लागली. उजेड राखेसारखा झाला होता.

थांबा रिकामा होता. बाकावर टोपी होती, घडी घातलेली. तिच्या शेजारी थर्मासाचं झाकण, त्यात थोडी कॉफी, वरून साय धरल्यासारखी थिजलेली.

अहिल्या हाका मारत पळाली. ‘बाबा’ म्हणून हाक मारली. मग आठवलं, पाच वर्षांच्या मुलाला कोण बाबा म्हणतं? म्हणून ‘राजा’ म्हणून मारली, आजी मारायची तशी. सहापदरी रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या आवाजात, पन्नाशीकडे झुकलेली बाई आपल्या बापाला लहान मुलाच्या नावानं हाका मारत होती, आणि अनिका तिच्या मागून ‘आबा, आबा’ करत येत होती. मंडळातल्या गाड्या एकेक करून समोरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरू लागल्या. सत्यजित घरच्या चपलांत आला होता. रवींद्रनं फर्निचरच्या दुकानाची मागची बाजू धरली. कुणीही अहिल्याला विचारलं नाही, की एकटे कसे ठेवले. तो प्रश्न त्या दिवशी कुणाच्याही तोंडून आला नाही. ती मात्र शेवटपर्यंत त्याची वाट पाहत होती.

पाच वाजून वीस मिनिटांनी रवींद्रला ते सापडले. दुकानाच्या मागं विजेची मोठी हिरवी पेटी असते, तिच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून बसलेले. पेटी किंचित कोमट होती. निळ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. कार्ड दोन्ही तळव्यांत धरलेलं.

रवींद्रनं स्वतःचा कोट त्यांच्यावर घातला आणि गुडघे टेकून त्यांच्या कानाशी त्यांच्याच बोलीत बोलत राहिला. ‘गुर्जी, मी नागपूरचा होय जी. घरी जाचं ना? चाला, घरी नेतो तुमाले.’ अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो बोलतच होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. असं तो म्हणतो. सत्यजित म्हणतो, नाही पाहिलं.

*

अजून एक राहिलं. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी दुपारी अहिल्या परीक्षितशी बोलत होती, स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर, कारण हात कणकेत होते. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा आहे, वीस मिनिटांवर. चांगली आहे. दारांना आतून कडी नसते. बुधवारी अकराला पाहायला बोलावलंय. परीक्षितनं विचारलं, बाबांना काय सांगायचं? ती म्हणाली, सांगायचं काय, त्यांना कुठं कळणार आहे आपण कुठं ठेवलंय ते. पंधरवड्यापूर्वी त्यांनी मलाच विचारलं, तू कोन होय वं माय.

जेवणाच्या टेबलाशी बाबा बसले होते, मराठी मंडळाचा दिवाळी अंक पुढ्यात घेऊन. पानाची एक घडी सुटत नव्हती. मधोमध बोट ठेवून ते ती बाहेर दाबत होते.

*

शुक्रवार. इस्पितळात चौथा दिवस. अंगातली ऊब परत आली, रक्तदाब आला, भूकही थोडी आली. पण आवाज आला नाही. डॉक्टरांच्या मते घसा ठीक आहे, कानही ठीक आहेत. कधी कधी असा धक्का बसला, की माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो आणि वर येत नाही. बुधवारची भेट आपोआप रद्द झाली होती. आता नवी जागा इस्पितळच सुचवणार होतं, आणि त्या जागेच्या कागदावर अहिल्याला फक्त सही करायची होती. कागदाच्या वर छापलेलं होतं : ‘ज्यांच्या स्वाधीन करण्यात येत आहे.’

कार्ड त्यांच्या वस्तूंच्या पिशवीत होतं. अहिल्यानं ते बाहेर काढलं आणि नखानं पट्टीचं टोक उचलायला पाहिलं. उचललं नाही. तीन आठवड्यांत ते पक्कं बसलं होतं. तिनं डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. उंचवटा लागला.

खिडकीजवळ अनिका बसली होती. काकूंनी डब्यात मुगाची खिचडी पाठवली होती, तिचा वास खोलीभर. अहिल्या खाटेच्या कडेला बसली. त्यांचा हात हातात घेतला. हात गरम होता. चहा नव्हता, पण तिनं पाण्याचा कप पुढं केला, रोजच्यासारखा.

‘बाबा, आपण कोणत्या राज्यात आहोत?’

ते छताकडे पाहत होते.

‘बाबा. बेरार? बेरार म्हणा. काहीही म्हणा.’ तिनं हलक्या आवाजात एकेक नाव पुढं केलं, भुकेल्या मुलापुढं घास करावा तसं. सुभा. असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. सी. पी. मध्य प्रदेश. मुंबई राज्य. महाराष्ट्र. प्रत्येक नावानंतर ती थांबली. ‘मला फक्त सांगा, मी कुठं येऊ.’

त्यांचा दुसरा हात चादरीवर हलला. बोट मधोमध आलं, आणि डावीकडे, उजवीकडे, सावकाश दाबत गेलं. सुरकुती गेली. मग हातही थांबला.

‘मॉम,’ अनिका म्हणाली, ‘स्टॉप आस्किंग हिम.’

अहिल्या थांबली नाही.

*

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, चहाचा पहिला घोट घेऊन, राजाराम काळमेघांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं : इलिनॉय.